टिल्बरहर्स्टचे आठ-पाचवाले

१४ जानेवारी १९६४, मंगळवार

पाद्री डनस्टन चहाला आले, केकचे चार तुकडे खाल्ले आणि जाताना गावाचा इतिहास माझ्या गळ्यात मारून गेले. ऑगस्टच्या जत्रेपर्यंत एक छोटं पुस्तक हवं म्हणे, ‘टिल्बरहर्स्ट: काल आणि आज’.

"तुमच्याशिवाय कोण लिहिणार, मि. थॉर्नकॉम्ब? एकतीस वर्षं या शाळेचे मास्तर होता तुम्ही. निम्म्या गावाला अक्षरं तुम्हीच शिकवलीत."

खरं आहे. दुसरं कोण लिहिणार? लार्क्सवेच्या नव्या घरांतले विमा कारकून? त्यांना चर्चचं दार आत उघडतं की बाहेर, हेही ठाऊक नसेल. शीर्षकातला ‘आणि आज’ मात्र मी गाळायला लावणार आहे. आजबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

हेस्टर म्हणाली, "बरं झालं, तुला उद्योग मिळाला." आई गेल्यापासून एकवीस वर्षं ही धाकटी बहीण माझं घर सांभाळते आहे, आणि अजून तिला मी रिकामा बसलेलाच दिसतो.

२२ जानेवारी, बुधवार

पहिलं प्रकरण झालं. १८४१ची शिरगणती समोर ठेवून लिहिलं. तीनशे बारा माणसं. एक लोहार, एक खोगीर शिवणारा, दोन सुतार, बाकी शेतमजूर. कोण कुणाच्या शेजारी जगणार आणि कुणाच्या शेजारी पुरला जाणार, सगळं ठरलेलं. गाव म्हणतात ते याला.

मग १८८४ साली रेल्वे आली आणि गावाला भोक पडलं. त्या भोकातून आजतागायत बाहेरचा गाळ आत येतो आहे. आधी स्टेशन रोडवर लाल विटांचे व्हिला. पहिल्या युद्धानंतर जोडघरं, भिंतीला भिंत चिकटवलेली, म्हणजे एकानं शिंकलं की दुसऱ्यानं रुमाल काढायचा. आणि सहा वर्षांपूर्वी लार्क्सवे. लार्क म्हणजे चंडोल. त्या कुरणात खरोखरच चंडोल होते. वर्गातल्या मुलांना मी घरटी दाखवायला तिथं नेत असे. या लोकांनी चंडोल हाकलले आणि रस्त्याला त्यांचं नाव दिलं. एकशे चाळीस घरं, एकशे चाळीस सारखी दारं, आणि रोज सकाळी त्यांतून छत्र्या घेतलेले एकशे चाळीस सारखे पुरुष निघतात ते ८.०५च्या लंडन गाडीला. मी त्यांना आठ-पाचवाले म्हणतो. गाव त्यांच्या लेखी एक उशी आहे. डोकं टेकायचं, उठून चालू लागायचं.

आज हेस्टर लंडनला गेली. दर बुधवारी जाते, वाचनालयाची पुस्तकं बदलायला. मी स्वतः बारा वर्षांत त्या स्टेशनातून कुठं गेलेलो नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आनंदाचा दिवस! स्टेशनवर नोटीस लागली. समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या धावतील तशाच धावतील, पण ऑक्टोबरपासून टिल्बरहर्स्टला थांबणार नाहीत. स्टेशन बंद. कुणाची हरकत असेल त्यानं जूनमधल्या सुनावणीत सांगावी. मी मुद्दाम चालत जाऊन दोनदा वाचली.

आठ-पाचवाले तिच्यासमोर घरात कुणी वारल्यासारखे उभे होते. "मग कामावर जायचं कसं?" एक बाई सारखी विचारत होती. जाऊ नका, बाई. नाहीतर तिकडेच राहा. गाडी गेली की तुम्ही जाल, तुम्ही गेलात की घरं पडतील, घरं पडली की गवत उगवेल.

घरी येऊन हेस्टरला सांगितलं तर तिच्या हातून बशी पडली. आईच्या संचातली. मी रागावलो नाही. म्हटलं, "पुस्तकांची काळजी करू नकोस, वाचनालयाची मोटार दर पंधरवड्याला चौकात येतेच की." ती खाली वाकून तुकडे वेचत राहिली, बराच वेळ.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चर्चच्या मागच्या खोलीतली जुनी पेटी उपसली. बाप्तिस्म्याच्या नोंदी, मेणबत्त्यांची टोकं, उंदरांच्या लेंड्या. आणि अगदी तळाशी, चामड्यासारख्या जाड कागदावर, १८८३चा करार. तेव्हाचे जमीनदार सर लॅन्सलॉट वायबर्न यांनी स्टेशनसाठी आणि रुळांसाठी आपली जमीन रेल्वेला फुकट दिली होती. अट एकच: कामाच्या दर दिवशी दोन्ही बाजूंच्या किमान चार गाड्या इथं थांबल्या पाहिजेत, कायमच्या. त्या थांबायच्या बंद झाल्या तर जमीन गावकऱ्यांच्या मालकीची होईल. खाली वायबर्नांची सही, लाखेचा शिक्का, दोन साक्षीदार. त्यातल्या एकाची नुसती फुली.

तीनदा वाचला. स्टेशन बंद केलं तर समुद्राकडची प्रत्येक गाडी आमच्या मालकीच्या जमिनीवरून न्यावी लागेल. हा कागद सुनावणीत टेबलावर ठेवला की नोटीस काढून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

पेटी होती तशी लावली. कागद घरी आणला. अभ्यासासाठी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कागद टेबलाच्या खालच्या खणात, शाळेच्या जुन्या हजेरीपटांखाली ठेवला आहे. सापडलेला प्रत्येक कागद इतिहासकारानं लगेच चव्हाट्यावर मांडलाच पाहिजे असं नाही. तो खरा की खोटा हे आधी पडताळावं लागतं. त्याला वेळ लागतो. जून उलटून जाईपर्यंत तरी.

७ मार्च, शनिवार

मि. मॉरिस गॅटलिफ दारात उभे. आठ-पाचवाल्यांचा हा म्होरक्या. विम्याच्या कचेरीत आकडेमोड करतो, अठ्ठावन्न वर्षांचा, विधुर, राहणार लार्क्सवे क्रमांक सत्तावीस. डोकं गुळगुळीत, बोलणं त्याहून गुळगुळीत. ‘स्टेशन वाचवा’ समिती काढली आहे. सोबत बागेतल्या पिवळ्या नार्सिससचा गुच्छ आणला होता. मला फुलं देऊन काय मिळणार, देव जाणे. हेस्टरनं ती घेतली आणि तिघांच्या चहात साखर टाकायला विसरली.

"गावाचे जुने कागद तुमच्याइतके कुणी पाहिलेले नाहीत," तो म्हणाला. "स्टेशनबद्दल काही आढळलं तर..."

"स्टेशनबद्दल मला एवढंच माहीत आहे, की ते येण्याआधी इथं माणसं राहत होती."

"आम्हीही माणसंच आहोत, साहेब."

"तुम्ही प्रवासी आहात."

तो हसला. अपमान झाला तरी हे लोक हसतात. कचेरीत शिकवत असतील. मग हातातली टोपी गोल फिरवत म्हणाला, "आणखी एक बोलायचं होतं. जरा खाजगी आहे. तुमची परवानगी असेल तर..."

"समितीवर मी येणार नाही," मी म्हणालो आणि उठून दार उघडलं.

तो गेल्यावर हेस्टर भांडी फारच आपटत होती. तिलाही तो आवडलेला दिसत नाही.

२२ एप्रिल, बुधवार

दुपारपासून पाऊस. हेस्टर छत्री विसरून गेली होती म्हणून संध्याकाळी सहाच्या गाडीला स्टेशनवर गेलो. वाचनालयाचं काम तासाभराचं, पण ही नेहमी सहाचीच गाडी धरते. बायकांना दुकानांच्या काचा बघायला आवडतात.

ती पहिल्या डब्यातून उतरली. निळी टोपी, नवी. गॅटलिफ अगदी शेवटच्या डब्यातून. फलाटाच्या मध्यावर दोघं समोरासमोर आले तेव्हा त्यानं टोपी उचलली. "काय ही हवा, मिस थॉर्नकॉम्ब!" असं म्हणाला की जणू वर्षभरानं दिसते आहे. हेस्टर कानापर्यंत लाल झाली. साहजिक आहे. असला माणूस चारचौघांत ओळख दाखवायला लागला तर कुणालाही मेल्याहून मेल्यासारखं होईल.

वाटेत तिला म्हटलं, "त्याला फार थारा देत जाऊ नकोस."

"बरं," म्हणाली, आणि घर येईपर्यंत गुणगुणत होती.

पिशवीत पुस्तकं गेल्या आठवड्याचीच होती, न बदललेली. वाचनालयाचा कारभारही कारकुनांच्या हाती गेलेला दिसतो.

१६ मे, शनिवार

हेस्टरनं कागद पाहिला. खण साफ करत होती. खण साफ करायला तिला कुणी सांगितलं होतं?

"ऑब्रे, हे काय आहे?"

"जुना करार आहे एक. पडताळणी चालू आहे."

"मी वाचला. कधी सापडला तुला?"

"अशी कागदपत्रं लगेच..."

"कधी सापडला?"

"फेब्रुवारीत."

ती माझ्या खुर्चीत बसली. माझ्या खुर्चीत ती कधी बसत नाही. "तीन महिने! तीन महिने ती माणसं पावसापाण्याची दारोदार सह्या मागत फिरताहेत, आणि तू यावर हजेरीपट ठेवून बसलास?"

"ती माणसं! ती माणसं तुझी कोण लागतात?"

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "हा मी सभेत नेणार नाही. तो तुला सापडलाय, तूच द्यायचा. सुनावणीत, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं."

"आणि नाही दिला तर?"

"तर मला कळेल."

काय कळेल, ते सांगितलं नाही. अर्धी वाक्यं सोडून जायची तिला सवयच आहे. जेवणात मटण करपलं होतं.

११ जून, गुरुवार

सुनावणी झाली. सगळं क्रमानं लिहितो.

गावच्या सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. आठ-पाचवाल्यांनी कामावर दांडी मारली होती. त्यांना गावात दिवसाउजेडी मी पहिल्यांदाच पाहिलं, फिकट असतात. टेबलामागे तिघं सदस्य, मध्ये अध्यक्ष, एक निवृत्त कर्नल, थोडे बहिरे.

गॅटलिफ बोलला. आकडे, सह्या, सगळं अपेक्षेप्रमाणे. मग म्हणाला, "साहेब, लोक म्हणतात आम्ही इथं फक्त झोपतो. चर्चची घंटा ओढणारे सहा जण आहेत, त्यातले चार लार्क्सवेचे. आगीच्या बंबावरचे आठातले पाच आमचे. गावची शाळा दोन वर्षांपूर्वी बंद होणार होती, मुलंच नव्हती. आमची मुलं आली म्हणून ती उघडी आहे."

घंटा अलीकडे बेसूर का वाजते, याचा उलगडा झाला. शाळेचं मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी उठलो. टिल्बरहर्स्ट आठशे वर्षं रेल्वेशिवाय जगलं, असं म्हणालो. जे लोक गाडीबरोबर आले त्यांनी गाडीबरोबर जावं, असंही म्हणालो. चांगलं वाक्य होतं, तीन आठवडे घासलं होतं. टाळ्या तिघांनी वाजवल्या.

तेवढ्यात जेथ्रो पिल्बीम काठी आपटत उठला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, गावातला सगळ्यांत जुना माणूस. "वायबर्नसाहेबानं जमीन दिली तेव्हा कागद केला होता," तो ओरडला. "गाडी थांबलीच पाहिजे, असा. माझा बाप साक्षीला होता. फुली मारली होती त्यानं."

कर्नलनी ते दोनदा विचारून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "मि. थॉर्नकॉम्ब, गावाचं दप्तर तुम्ही पाहिलंय. असा कागद तुमच्या नजरेला आलाय का?"

हेस्टर तिसऱ्या रांगेत होती. गॅटलिफ मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होता. हे मला चमत्कारिक वाटलं, कारण उत्तराची घाई त्यालाच असायला हवी होती.

"नाही," मी म्हणालो. "माझ्या नजरेला नाही."

हेस्टर उठली. हातमोजे घातले, एकेक बोट नीट बसवत, आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेली. मागं वळून पाहिलं नाही.

मी जिंकलो. लिहून ठेवतो, कारण तसं काही वाटत नाही.

१२ जून, शुक्रवार

हेस्टर पाद्रीबुवांकडे राहायला गेली. एक पेटी आणि शिवणाचं मशीन घेऊन. टेबलावर चिठ्ठी: "चहाची पत्ती वरच्या फळीवर आहे. तुझ्याबरोबर एका घरात आता मला राहवणार नाही." पत्ती मधल्या फळीवर होती.

२३ जून, मंगळवार

अंडं किती वेळ उकडायचं हे या घरात कुठंही लिहून ठेवलेलं नाही. इतिहासाचं एक पानही झालं नाही.

५ जुलै, रविवार

प्रार्थना संपल्यावर जेथ्रोनं मला चर्चच्या भिंतीशी गाठलं. "बस रे मास्तर. पुस्तकात तुझ्या बापाचं लिहिलंस का?"

"त्यात लिहिण्यासारखं काय आहे? आम्ही इथलेच."

"इथलेच!" हसता हसता त्याला खोकला आला. "एकोणीसशे तीनचा मार्च. तुमच्या सामानाची गाडी स्टेशन रोडच्या चिखलात रुतली होती. माझेच घोडे लावून बाहेर काढली. तू असशील पाचेक वर्षांचा, गाडीत पियानोवर बसून भोकाड पसरलं होतंस. तुझा बाप बँकेत कारकून. ८.०५ची गाडी, रोज, मरेपर्यंत. आम्ही गावातले गडी कुंपणाआड दबा धरून बसायचो आणि त्याच्या टोपीवर घोड्याची लीद मारायचो."

"काहीतरीच!"

"मीच मारायचो. नेम पक्का होता माझा. असली माणसं गावात नकोत म्हणून वायबर्नसाहेबाकडे अर्ज केला होता सगळ्यांनी. पहिली फुली माझ्या आईची. मग एके दिवशी तिनं तुझी आई पाण्याच्या पंपापाशी रडताना पाहिली. शहरातली बाई, चूल पेटवता येत नव्हती. आई गेली, चूल पेटवून दिली, पाव कसा भाजायचा ते दाखवलं. घरी येऊन म्हणाली, आलेत तर आलेत, त्यांना काय उपाशी मारायचं?" त्यानं काठी माझ्या बुटावर टेकवली. "माझ्या बापाला फुलीशिवाय काही लिहिता येत नव्हतं, मास्तर. जन्मात त्यानं एकच कागद लिहिला. कुठंय तो?"

मी उठून घरी आलो.

बाबा लंडनला जात, हे मला ठाऊक होतंच. पण ते निराळं. तेव्हाची बँक म्हणजे काही विम्याची कचेरी नव्हे. टोपीचं मात्र माहीत नव्हतं. संध्याकाळी आले की ते आधी मागच्या अंगणात जायचे आणि ब्रशनं टोपी घासत बसायचे. आम्हाला तोवर बाहेर येऊ देत नसत. मला वाटायचं, टापटिपीची आवड.

११ जुलै, शनिवार

कागद घेऊन लार्क्सवेला गेलो. सारख्या दारांपुढं दोनदा वाट चुकलो. शेवटी केसांना कसलीतरी रंगीत नळकांडी गुंडाळलेल्या एका बाईनं सत्तावीस नंबर दाखवला आणि पाणी हवं का विचारलं. नको म्हटलं.

गॅटलिफ मागं वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होता. त्यानं हात पुसले, कागद वाचला, उलट्या बादलीवर बसला आणि पुन्हा वाचला.

"आभारी आहे," म्हणाला.

"कधी सापडला, विचारणार नाही?"

"नाही."

"का?"

"मेपासून माहीत आहे मला. हेस्टरनं सांगितलं होतं."

हेस्टर! मिस थॉर्नकॉम्ब नव्हे, हेस्टर.

"म्हणजे सुनावणीच्या दिवशी, मी नाही म्हणालो तेव्हा, तुम्हाला ठाऊक होतं? मग उठून तोंडावर का नाही सांगितलंत?"

"ती म्हणाली होती, माझा भाऊ देईल. त्याला वेळ लागतो, पण देईल. त्याच्या हातानंच देऊ दे. मी तिला शब्द दिला."

"आणि मी दिला नसता तर? स्टेशन गेलं असतं! तुमची नोकरी, हे घर, हे... हे वाटाणे!"

"गेलं असतं," तो म्हणाला. "महिनाभर झोप नाही मला."

असला मूर्ख माणूस मी जन्मात पाहिला नाही. एकशे चाळीस घरं एका बाईच्या भरवशावर टांगून ठेवली, आणि पोटासाठी काय करतो, तर लोकांचे विमे उतरवतो.

"ती खाजगी गोष्ट आता बोलू का?" त्यानं विचारलं.

त्यानं सांगितली. मला बसावं लागलं. त्यानं उठून बादली मला दिली. तीन वर्षं. दर बुधवारी, त्याच्या दुपारच्या सुट्टीत, लंडनच्या स्टेशनजवळच्या एका चहाच्या दुकानात तासभर. संध्याकाळी एकाच गाडीनं परत, वेगवेगळ्या डब्यांतून.

"वेगवेगळ्या डब्यांतून कशाला?"

"तुम्हाला आवडलं नसतं म्हणून."

"अर्थातच आवडलं नसतं!"

"हो ना," तो म्हणाला. "म्हणूनच."

३ ऑगस्ट, सोमवार

जत्रा झाली. पुस्तक झालेलं नाही. पाद्रीबुवांना सांगितलं, दुसरं प्रकरण, रेल्वे आल्यानंतरचं, नव्यानं लिहायचं आहे.

गॅटलिफनं कागद वकिलामार्फत कर्नलकडे पाठवला आणि गावभर सांगितलं, की सुनावणीनंतर मास्तरांनी हार न मानता पेटी पुन्हा उपसली आणि उंदरांच्या लेंड्यांतून कागद शोधून काढला. आता जो तो माझा हात हलवतो. पाच बायकांनी सफरचंदाचे केक आणून दिले. याहून वाईट शिक्षा कुणाला सुचली नसती.

नळकांडीवाल्या बाईला मी सरळ सांगून टाकलं. "तो कागद माझ्याकडे फेब्रुवारीपासून होता."

"तुम्ही अगदीच हे आहात!" ती म्हणाली. "थोडं कौतुक करून घ्या की. लोक केवढे खूश आहेत."

हे लोक धड तिरस्कारही करू देत नाहीत. जेथ्रो तंबूच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत दात नसलेलं तोंड वासून हसत होता.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

पत्र आलं. नोटीस मागं घेतली. स्टेशन राहणार. चर्चच्या त्या सहा जणांनी तासभर घंटा वाजवल्या. बेसूर. मी खिडकी लावली नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज हेस्टरचं लग्न झालं. तिला हाताला धरून वेदीपर्यंत मीच नेलं. वय वर्षं साठ, आणि हातात नवऱ्या मुलीचा गुच्छ. गावात लोक काय म्हणतील, असं मला वाटत होतं. गाव बाकांवर उभं राहून रडत होतं.

आत जाण्यापूर्वी मागच्या खोलीत दोन मिनिटं मिळाली.

"घरी परत यायचा विचार होता का कधी?" मी विचारलं.

"नाही, ऑब्रे."

"तिथली सगळी दारं सारखी आहेत, हेस्टर."

"बाहेरून," ती म्हणाली. मग माझी कॉलर सरळ केली. "कर्नलसमोर तू खोटं बोललास ते मी विसरणार नाही. आणि नंतर उठून देऊन आलास, तेही विसरणार नाही. दोन्ही लक्षात राहणार माझ्या. चल आता, ऑर्गन सुरू झाला."

गॅटलिफचा टाय वाकडा होता. मी सांगितलं नाही.

९ डिसेंबर, बुधवार

जेथ्रो म्हणाला तो १९०३चा अर्ज वायबर्नांच्या कागदांत आहे आणि ते कागद लंडनच्या दप्तरखान्यात. तो वाचल्याशिवाय दुसरं प्रकरण पुरं होणार नाही. शिवाय हेस्टरनं निरोप पाठवला होता: दुपारी चहाच्या दुकानात ये, आम्ही दोघं आहोत, पुस्तकं आणू नकोस. तेव्हा आज ८.०५ धरली.

फलाटावर साठ-सत्तर माणसं, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, खांबांसारखी रोवलेली. कुणी बोलत नाही, सगळ्यांची तोंडं वर्तमानपत्रांत. मी मोकळी जागा बघून उभा राहिलो तर हिरव्या कोटातली एक तरुण बाई घाईघाईनं जवळ आली. टंकलेखिका असावी, बोटं शाईची होती.

"इथं नका उभे राहू हं," ती हळूच म्हणाली. "इथं बरोबर डब्याचं दार येतं. मि. ऑकशॉटची जागा आहे, अकरा वर्षांची. ते बोलत नाहीत, पण दिवसभर त्यांना लागून राहतं."

मी बाजूला झालो. मूर्ख प्रथा. एका दाराच्या जागेवर अकरा वर्षं!

"नवीन दिसता," ती म्हणाली. "कधी आलात राहायला?"

मी इथलाच, असं म्हणणार होतो. जन्मभर तेच म्हणत आलो आहे. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि सगळ्या फलाटानं एकदम वर्तमानपत्रं मिटली.

"एकोणीसशे तीन साली," मी म्हणालो. "वडील याच गाडीनं जायचे."

थट्टा वाटून ती मोठ्यानं हसली, इतकी की दोघातिघांनी वळून पाहिलं. मग डावीकडे दोन पावलं सरकली आणि आपल्या शेजारची फरशी बुटानं दाखवली.

"मग इथं या," म्हणाली. "इथं कुणी नसतं. दुसरं दार येतं."